खोदलं ते छापलं: डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेज

खापरखुणा

महाराष्ट्राचा इतिहास कुठून सुरू करायचा असा वाद निघाला की बहुतेकांची गाडी सातवाहनांपाशी येऊन थांबते, फार तर कुणी सोपाऱ्याच्या अशोकाच्या लेखापर्यंत मागे जातो. त्याच्या मागे काय होतं, इथे कोण राहत होतं, काय खात होतं, मेलेल्या पोराला कुठे पुरत होतं, हे आज आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे आणि त्याचं मोठं श्रेय एका प्राध्यापकाला आणि त्याने तयार केलेल्या विद्यार्थ्यांना जातं. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. पुण्यात राहून, डेक्कन कॉलेजवरून रोज जाऊन-येऊनसुद्धा अनेकांना हे नाव माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं म्हणून हा धागा.

माणूस मुंबईचा, गुजराती घरातला, जन्म १० डिसेंबर १९०८. सेंट झेवियर्समध्ये संस्कृत, मग इतिहासकार फादर हेरास यांच्याकडे एमए, विषय नालंदा विद्यापीठ, सोबत एलएलबी पण. म्हणजे सुरुवात पूर्ण ग्रंथालयातली, मूर्ती, लेख, पोथ्या. पुढे लंडनला पीएचडीला गेले, विषय गुजरातचं पुरातत्त्व, आणि तिथे असतानाच इंग्लंडमध्ये मेडन कॅसल या जुन्या किल्ल्यावर पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर करत होता त्या उत्खननावर काम केलं. जमीन थराथराने कशी सोलायची, कुठलं खापर कुठल्या थरातलं याची नोंद कशी ठेवायची हे तिथे प्रत्यक्ष हाताने शिकले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं तेव्हा प्राध्यापक म्हणून आले आणि १९७३ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. १९७४ ला पद्मभूषण, २८ जानेवारी १९८९ ला निधन. चरित्र एवढंच, बाकी सगळं काम.

कामाची सुरुवात पुण्याच्या आसपासच्या महापाषाणीय दफनांच्या (मोठमोठे दगड मांडून केलेल्या प्राचीन दफनांच्या) पाहणीने झाली. मग १९४१ मध्ये साबरमतीच्या खोऱ्यात. रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाला गुजरातमध्ये एकोणिसाव्या शतकात दगडी हत्यारं सापडली होती, त्यानंतर तिकडे फारसं कुणी फिरकलं नव्हतं, ते तपासायला ही मोहीम निघाली आणि तिथून सांकलियांना नद्यांचं वेडच लागलं.

नद्याच का, तर आपल्याकडच्या प्रवरा, गोदावरी यांनी जुन्या काळी स्वतःच साठवलेला गाळ नंतर स्वतःच कापून काढलाय. त्यामुळे काठाला उंच कडे उभे राहतात आणि त्यात खाली दगडगोट्यांचा थर, वर बारीक गाळ, परत गोट्यांचा थर असं सगळं उघडं दिसतं, खोदायचीसुद्धा गरज नाही, फक्त चालायला पाहिजे आणि बघता आलं पाहिजे. दख्खनच्या काळ्या पाषाणात हत्यारासाठी धड दगड नाही म्हणून आदिमानव इकडे राहिलाच नसणार असं तेव्हा मानलं जायचं. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या गोट्यांच्या थरात हत्यारं मिळाली आणि ते मत गळून पडलं. १९५२ ला त्यांनी गोदावरीच्या या हत्यारांवर छोटं पुस्तक काढलं. मग नेवाशाला प्रवरेच्या कड्यात दोन वेगवेगळे थर दाखवले, खालच्यात हातकुऱ्हाडी, वरच्यात चर्ट, जास्पर अशा बारीक पोताच्या दगडाच्या छिलक्यांची लहान हत्यारं. मध्य पुराश्मयुग, म्हणजे जुन्या दगडी युगाचा मधला टप्पा, भारतात वेगळं ओळखता येतं हे ठामपणे उभं राहिलं ते नेवाशामुळे, त्या हत्यारांना पुढे बराच काळ नेवाशियन म्हटलं जायचं.

आणि जोर्वे! संगमनेरजवळ प्रवरेकाठचं लहानसं गाव. १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं, सोबत शां. भा. देव. लाल-नारिंगी, पक्की भाजलेली, वाजवली तर खणखणीत आवाज देणारी, काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली भांडी. तोटीची भांडी, मध्ये कंगोरा असलेले वाडगे. आज तापीपासून भीमेपर्यंत ताम्रपाषाणयुगाच्या (दगडासोबत तांबंही वापरायच्या काळातल्या) शेतकऱ्यांच्या शेकडो वस्त्या याच खापरांवरून ओळखतात आणि जगभरच्या पुस्तकांत तिला जोर्वे संस्कृती म्हणतात.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. खोदणारे पुष्कळ होते आणि आहेत. सांकलियांनी खोदलं ते छापलं. कोल्हापूरची ब्रह्मपुरी १९४५-४६ ला खोदली, अहवाल १९५२. नाशिक-जोर्वे १९५०-५१, अहवाल १९५५. मध्य प्रदेशात नर्मदेकाठचं महेश्वर-नावडातोली १९५२-५३, अहवाल १९५८. नेवासे १९५४ ते ५६, अहवाल १९६०, आणि तोही जाडजूड, खापरांची रेखाटनं, मणी, हाडं, नाणी, सगळं एकेक करून मांडलेलं. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारं पान असतं, खोदलं की थर गेला, परत कुणाला तपासता येत नाही, जे काय उरतं ते नोंदीत. अहवाल आला नाही तर ती जागा नुसती नष्ट झाली असंच म्हणायचं. तुलनेला राजस्थानातलं कालीबंगा घ्या, खोदकाम १९६० ते ६९, आणि हडप्पा काळाचा अहवाल बाहेर पडला २०१५ ला. खोदणाऱ्या पिढीतले किती जण तोवर गेले असतील. त्यामुळे माझ्या लेखी सांकलियांचं सगळ्यात मोठं काम कुठला एक शोध नाही, ही शिस्त आहे, आणि ती त्यांनी विद्यार्थ्यांना लावली.

कुणाकडे भर घालण्यासारखं असेल तर जरूर लिहा.

---

प्रवरेचं_पाणी

अतिशय सुंदर धागा, वाचनखूण साठवली. मी नेवासे तालुक्यातली. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पैस खांबाला जातो, माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती जागा म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण तिथून थोड्या अंतरावर लाडमोड टेकडी आहे, जिथे सांकलियांनी खोदलं, तिच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघत नाही. एका गावात दगडी हत्यारांपासून सातवाहन, रोमन मद्याच्या उंच कुंभांचे तुकडे, ते पार मुसलमानी-मराठा काळापर्यंत सगळं एकाखाली एक सापडलंय, अशी किती गावं असतील.

त्या अहवालातली एक गोष्ट मला कायम आठवते ती सांगते. ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबं गंजताना त्याच्या क्षारांमुळे आतला दोरा कुजायचा वाचला. तो तज्ज्ञांकडे पाठवून तपासला तर त्यात रेशीम आणि कापूस निघाले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या कुणीतरी आपल्या लेकराला रेशमाच्या दोऱ्यात ओवलेली माळ घालून पुरलं. दुसरा कुणी असता तर मणी काढून पुसून डबीत ठेवले असते आणि हिरवा गंज फेकून दिला असता. दोरा बघायची नजर हवी ना.

---

चौकस_चिंतू

मस्त माहिती. एक बाळबोध प्रश्न विचारतो. नदीत एवढे लाखो दगड गडगडत येतात, आपटून फुटतात, मग हे माणसाने घडवलेलं आणि हे आपोआप फुटलेलं हे ठरवतात कसं? मला तर फोटोतल्या निम्म्या हातकुऱ्हाडी साधे दगडच वाटतात.

---

खापरखुणा

चिंतू, अजिबात बाळबोध नाही, एकोणिसाव्या शतकात यावरच भांडणं झालीत. घडवलेल्या दगडावर मुद्दाम मारलेल्या फटक्याच्या खुणा राहतात. जिथे फटका बसतो तिथे छिलक्याच्या आतल्या बाजूला फुगवटा येतो आणि त्याच्याभोवती पाण्यात तरंग उठावेत तशा बारीक लहरी दिसतात. मूळ दगडावर त्याच आकाराचा खोलगट वण राहतो. नदीत आपटूनही कधी एखादा छिलका उडतो, पण एकाच कडेला ओळीने, एकाच कोनात, दोन्ही बाजूंनी उलटसुलट छिलके नदी काढत नाही. शिवाय एकट्यादुकट्या दगडावर निर्णय देत नाहीत, त्याच थरात तसेच आणखी किती मिळतात, त्याच साच्याचे आहेत का, कडा किती झिजल्यात, हे सगळं मिळून ठरतं. कडा ताज्या असतील तर हत्यार फार लांबून वाहत आलेलं नाही हेही कळतं. नेवाशाजवळच चिरकीला गुडरून कॉर्विनस या जर्मन बाईंनी १९६६ ते ६९ मध्ये हातकुऱ्हाडींची जागा खोदली, तिचे फोटो बघा, शंका राहणार नाही.

---

त्रयस्थ

लेख आवडला, आदरही पूर्ण आहे, पण थोडी दुसरी बाजू. सांकलियांची निरीक्षणं पक्की, निष्कर्ष मात्र सगळेच टिकले नाहीत. नावडातोलीच्या तोटीच्या आणि पन्हाळीच्या वाडग्यांचं इराणमधल्या सियाल्क, हिस्सार इथल्या भांड्यांशी साम्य बघून त्यांनी पश्चिमेकडून लोक आले, कदाचित आर्यच, असं मांडलं. त्या काळात सगळे असाच विचार करायचे, भांडं सारखं दिसलं की माणसं तिकडून आली. आज कुणी त्या बळावर एवढी उडी मारणार नाही. रामायणावरचं १९७३ चं पुस्तकही तसंच, लंका श्रीलंकेत नसून मध्य भारतात, रावण गोंड वगैरे. त्यावर गदारोळ झाला. मला त्यातला धाडसीपणा आवडतो पण पुराव्याच्या पुढे बरंच गेलेले आहेत असं स्पष्ट मत आहे.

आणि नावडातोलीचं दुसरं उत्खनन १९५७ ते ५९ चं, त्याचा अहवाल १९७१ ला आला, म्हणजे बारा वर्षं. हे पण सांगायला हवं.

---

खापरखुणा

त्रयस्थ, इराणच्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत आहे. पण बघा, तो निष्कर्ष चुकीचा हे आपल्याला म्हणता येतं कशाच्या जोरावर? त्यांनीच छापलेल्या खापरांच्या रेखाटनांच्या आणि थरांच्या नोंदींच्या जोरावर. निष्कर्ष खोडून काढता यावा एवढा कच्चा माल त्यांनी उघड्यावर ठेवला. नावडातोलीच्या कोळशाचे नमुने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्बन तारखेसाठी गेले, धान्य लखनौला वनस्पतींच्या अवशेषांचे अभ्यासक विष्णु मित्रे यांच्याकडे, तिथून कळलं की आधी गहू होता आणि तांदूळ नंतरच्या टप्प्यात आला. हे तपशील आजही वापरात आहेत, आर्यांचं सोडून द्या.

बारा वर्षांचं म्हणाल तर मान्य, उशीर झालाच.

---

संशोधन_चालू_आहे

मी स्वतः पीएचडी करतेय, पुरातत्त्वात नाही, समाजशास्त्रात, पण धागा वाचून राहवलं नाही. मला सगळ्यात जास्त भावली ती त्यांची विद्यार्थ्यांना विषय द्यायची पद्धत. देशाच्या नकाशावर नद्यांची खोरी आणि प्रदेश वाटून दिल्यासारखे प्रबंध आहेत त्या काळातले. सुब्बरावांचा बेल्लारी, र. वि. जोशींचा मलप्रभा, मोहपात्रांचा ओडिशा, वि. ना. मिश्रांचा राजस्थान, पद्दय्यांचा शोरापूर दुआब. प्रत्येकाने आपापला भाग पायी तुडवायचा, हत्यारं आणि थर नोंदवायचे, प्रबंध छापायचा. एकेकटा प्रबंध कोरडा वाटेल पण सगळे शेजारी शेजारी ठेवले की अर्ध्या देशाच्या अश्मयुगाचा नकाशा तयार होतो. गाइडच्या डोक्यात वीस वर्षांचं चित्र असल्याशिवाय हे होत नाही.

आत्ता आमच्याकडे काय चालतं, तर विषय ठरतो तो तीन वर्षांत काय उरकेल यावर. एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांचं काम मोजायचे, गुण आले तेव्हापासून प्राध्यापकांना पेपरांची संख्या दाखवावी लागली आणि दाखवायची म्हटल्यावर पैसे घेऊन छापणारी जर्नल्स निघाली, हे सगळ्यांना माहितीय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीआधी पेपर छापण्याची सक्ती काढली ते बरं झालं पण सवय लागायची ती लागलीच. चार महिने नदीकाठाने फिरून पाच हत्यारं मिळाली तर त्याचे गुण किती धरणार हो? सांकलियांना आज हा तक्ता भरायला दिला असता तर काही वर्षं त्यांचा रकाना रिकामाच राहिला असता, आणि नेमकी तीच त्यांची महत्त्वाची वर्षं असती. मला हे फार मनापासून वाटतं, कारण मी आजूबाजूला चांगली माणसं या तक्त्यापायी थकताना बघतेय.

---

गोदाकाठ_नाशिक

+१ वरच्या प्रतिसादाला. आमच्या नाशिकची जुनी मातीची गढी ती हीच, जिथे १९५०-५१ ला खोदकाम झालं. आता वरती घरं आहेत आणि जवळपास दर पावसाळ्यात कडेची माती ढासळल्याची बातमी येते. बातमीत धोका, स्थलांतर, नोटिसा हे सगळं असतं आणि ते असायलाच पाहिजे, माणसांचा जीव आधी. पण ढासळतेय ती पांढरी माती म्हणजे नाशिकची दोन-तीन हजार वर्षांची वस्ती आहे हे एका ओळीतसुद्धा येत नाही. जे आपल्याला कळलंय ते त्या अहवालामुळे, जे वाहून गेलं ते गेलं.

बाय द वे प्रवरेकाठच्या दायमाबादचे ते तांब्याचे रथ, हत्ती, गेंडा पण सांकलियांनीच शोधले ना?

---

खापरखुणा

नाही, दायमाबाद पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचं. जागा १९५८ ला बोपर्डीकरांनी शोधली, ती शिल्पं १९७४ ला गावकऱ्याला सापडली, आणि मोठं उत्खनन १९७६ ते ७९ मध्ये साली नावाच्या पुरातत्त्वज्ञांनी केलं. पण तिथल्या वरच्या थराला जोर्वे काळ म्हणतात, म्हणजे मोजपट्टी सांकलियांच्या कामातली.

---

अस्थिपंजर

इनामगावबद्दल कुणीच कसं नाही लिहिलं? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. १९६८ ते १९८३ एवढी वर्षं एकाच गावावर काम, ढवळीकर, अन्सारी आणि सांकलिया. इथे पद्धतच बदलली. आधीची उत्खननं म्हणजे एक खोल चर घ्यायचा आणि कुठल्या काळाखाली कुठला काळ ते बघायचं. इनामगावला आडवं खोदलं, अख्खं गाव उघडं करायचं म्हणून. शंभरावर घरं मिळाली. घर कुठे, चूल कुठे, धान्याची पेवं कुठे, कुंभार कुठे राहायचा, सगळं.

लहान मुलं घरातल्याच जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात. मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेला, आणि पाय घोट्याच्या वर तोडलेले. मेलेला उठून चालत निघून जाऊ नये अशी भावना असावी असं उत्खननकर्त्यांचं मत. या सगळ्यात एकच वेगळा माणूस, पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या पोटाळ रांजणात मांडी घालून बसवलेला, पाय शाबूत. तो गावचा मुख्य असावा. शेजारीच धान्यकोठार. शेतीला पाणी द्यायला पाटही होता.

आणि शेवटी ख्रि. पू. १००० नंतर हळूहळू पाऊस कमी होत गेला असं त्यांनी मांडलं. चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली, आणि ७०० च्या सुमारास गाव उठलं. दुष्काळाने गाव उठतं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दोन खंडांचा अहवाल १९८८ ला. खोदकाम संपल्यावर पाच वर्षांत. सांकलिया तेव्हा निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती तरी नाव आहे त्यावर. मूळ लेखातला मुद्दा इथे पण लागू पडतो.

---

प्रवरेचं_पाणी

अस्थिपंजर, फार छान लिहिलंत. इरावती कर्व्यांचा पण उल्लेख व्हायला हवा, त्या पण १९३९ पासून डेक्कन कॉलेजातच, समाजशास्त्र-मानवशास्त्राच्या. गुजरातमध्ये लांघणजला दगडाच्या सूक्ष्म हत्यारांसोबत मानवी सांगाडे निघाले तेव्हा त्या तिथल्या कामात होत्या. गेंड्याचं खांद्याचं हाड पण तिथलंच, त्याचा ऐरणीसारखा वापर केलेला. पुराण वाचणारा, हाडं मोजणारी, माती तपासणारा, बी ओळखणारा अशी माणसं एका आवारात असणं हे पण या यशाचं कारण आहे असं मला वाटतं. लंडनहून भूशास्त्राचे जाणकार झॉयनर १९४९ ला येऊन गेले आणि त्यानंतर नदीच्या थरांचा अभ्यास भूशास्त्राच्या अंगाने जास्त काटेकोर झाला. सांकलियांना स्वतःला जे येत नव्हतं ते येणारा माणूस ते बोलावून घ्यायचे, मग त्या विषयाची प्रयोगशाळाच विभागात उभी करायचे. राजगुरूंसारखा भूशास्त्रज्ञ पुरातत्त्व विभागात आयुष्यभर काम करतो हे तेव्हा देशात दुसरीकडे कुठे होतं?

---

त्रयस्थ

हे मात्र शंभर टक्के. निष्कर्षांवर माझं मत तेच आहे पण विभाग उभा करण्याबाबत त्यांच्या तोडीचा माणूस चटकन आठवत नाही.

---

चौकस_चिंतू

आता वाचायचंच. सामान्य माणसाने सुरुवात कुठून करावी? आणि या वस्तू बघायला मिळतात का कुठे?

---

खापरखुणा

अहवालापासून करू नका, खापरांच्या वर्णनात अडकाल. आधी त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र घ्या, १९७८ चं, सोप्या भाषेत आहे. मग इनामगाववरचं लिखाण. तिथून नेवाशाच्या अहवालाकडे गेलात तर रेखाटनं बघायची मजा येईल. जुन्या अहवालांचे स्कॅन नेटवर सापडतात, आणि मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत छापील प्रती असतात, बऱ्याचदा कुणी उघडलेल्या नसतात.

वस्तूंसाठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय. वेळा आधी विचारून जा, ते संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, पर्यटकांसाठी रोज उघडं असेलच असं नाही. गेलात की जोर्वेच्या भांड्यांच्या तोट्या नीट बघा. आणि येरवड्याला डेक्कन कॉलेजमध्ये जाणारच असाल तर इथे टाका, दोघंतिघं मिळून जाऊ, अस्थिपंजर येणार असतील तर फारच उत्तम.

---

अस्थिपंजर

येतो. शनिवार सोडून कधीही.